ज्या दुःखाला नाव नाही
समलिंगी पुरुषांशी विवाह झालेल्या स्त्रियांची मानसिक उभारी

धर्मादाय रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात बाह्यरुग्ण, आंतररुग्ण, शस्त्रक्रिया, प्रसूती, प्रयोगशाळा तपासण्या असे रकाने असतात. देणगीदारांनी दिलेल्या प्रत्येक रुपयाचा विनियोग त्या रकान्यांतून दाखविणे हे प्रशासनाचे कर्तव्यच आहे. परंतु रुग्णालयाच्या दारात येणारी काही दुखणी अशी असतात की, ती कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. केस पेपरवर 'डोकेदुखी', 'झोप न येणे', 'अशक्तपणा', 'मूल होत नाही' एवढेच लिहिले जाते, गोळ्या दिल्या जातात आणि मूळ दुखणे आले तसे परत घरी जाते. अशाच एका दुखण्याविषयी मान्यवर विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्याशी या लेखातून मोकळेपणाने बोलावयाचे आहे.

ज्या पुरुषाचे नैसर्गिक आकर्षण पुरुषांकडेच आहे, अशा पुरुषाशी ती गोष्ट ठाऊक नसताना जिचा विवाह झाला, त्या स्त्रीचे हे दुखणे आहे. विषय नाजूक आहे, याची जाणीव आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून रुग्णालयाच्या प्रशासनाचे काम पाहतो. तो वैद्य नाही. त्यामुळे येथे औषधोपचार सांगितलेले नाहीत. तज्ज्ञांनी मांडलेले, कायद्याने मान्य केलेले आणि कुटुंबांना उपयोगी पडेल असे जे आहे, ते सोप्या शब्दांत एकत्र केले आहे. आपल्याकडे आलेल्या कोणाही रुग्णाची हकिकत यात दिलेली नाही, कारण गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे.

असा विवाह होतो तरी कसा?

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. समलिंगी असणे हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. तो 'बरा' करण्याचा दावा करून उपचार करणे हे डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन ठरते, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. तरीही 'लग्न केले की सगळे सुरळीत होते' हा समज आपल्या समाजात फार जुना आणि फार पक्का आहे.

भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ हे १८६० सालच्या इंग्रजी अमदानीतील. या कलमानुसार दोन सज्ञान पुरुषांमधील संमतीचा संबंधही गुन्हा मानला जाई आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने असे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत, असा निर्वाळा दिला. म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या समलिंगी पुरुषाचे लग्नाचे वय ज्या काळात आले, त्या काळात खरे बोलणे म्हणजे स्वतःला गुन्हेगार म्हणवून घेणे होते. कायद्याची भीती गेली तरी भाऊबंदांची, गावाची आणि आईच्या डोळ्यांतील पाण्याची भीती गेलेली नाही.

गुजरातमधील राजपिपळा संस्थानच्या राजघराण्यातील श्री. मानवेंद्रसिंह गोहिल यांचे उदाहरण सर्वज्ञात आहे. १९९१ साली त्यांचा विवाह झाला आणि पुढच्याच वर्षी घटस्फोट झाला. २००६ साली त्यांनी आपण समलिंगी असल्याचे जाहीरपणे सांगितले. लग्न झाल्यावर आपण इतरांसारखे होऊ अशी आपली समजूत होती, असे ते मुलाखतींमधून सांगत आले आहेत. राजवाड्यात जे घडले, तेच मुळा-प्रवरेच्या खोऱ्यातील एखाद्या वस्तीवरही घडू शकते. मुलगा स्थळांना नकार देत राहतो, घरचे कारण विचारत नाहीत, वडीलधारी मंडळी सोयरीक जुळवतात, साखरपुडा उरकतो आणि मुलगा गप्प बसतो. मुलाच्या या मौनाची किंमत पुढे दोघांनाही मोजावी लागते. मात्र त्यातील मोठा वाटा अशा व्यक्तीवर येतो की, जिला या व्यवहाराची काहीच कल्पना दिलेली नव्हती.

यातील पुरुषही बहुतेक वेळा परिस्थितीने कोंडलेला असतो, हे मान्य करावयास हवे. त्याच्याविषयी सहानुभूती बाळगणे आणि पत्नीवर झालेला अन्याय मान्य करणे या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. एकाची वेदना मान्य करण्यासाठी दुसऱ्याची नाकारण्याचे कारण नाही.

कळण्यापूर्वीची वर्षे

अशा स्त्रीचे दुःख पतीविषयी कळते त्या दिवशी सुरू होते, असे आपल्याला वाटते. वास्तविक ते त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते. पती वागण्यात वाईट नसतो. मारझोड नाही, व्यसन नाही, पगार किंवा उसाचे बिल घरात येते. फक्त तो जवळ येत नाही किंवा कर्तव्य म्हणून क्वचित येतो. ही गोष्ट कोणाला सांगावी? आईला सांगितले तर 'होईल हळूहळू' असे उत्तर मिळते. सासूला सांगण्याची सोयच नसते. 'मुलगी नांदते आहे ना?' एवढ्या एका प्रश्नावर सर्वांचे समाधान होते. ती नांदत असते, परंतु त्या शब्दातील सुख तिच्या वाट्याला आलेले नसते.

मग ती दोष स्वतःत शोधू लागते. आपला रंग, आपले अंग, आपले बोलणे यांतच काही कमी असेल, असे तिला वाटू लागते. दोन-तीन वर्षांत मूल झाले नाही की बोट तिच्याकडेच दाखविले जाते. नवस होतात, उपास होतात, मग दवाखाना. तेथेही सोनोग्राफी, रक्ततपासण्या, गर्भनलिकांची तपासणी हे सगळे आधी तिचेच होते. पुरुषाची वीर्यतपासणी ही त्यामानाने सोपी आणि कमी खर्चाची, पण ती सर्वांत शेवटी होते किंवा होतच नाही. पतिपत्नींमध्ये संबंध होतो की नाही, हा साधा प्रश्न सासूच्या समोर विचारला गेला तर त्याचे खरे उत्तर कधीच मिळणार नाही. म्हणून वंध्यत्वाच्या तपासणीत डॉक्टरांनी पती आणि पत्नी यांच्याशी वेगवेगळे, एकांतात बोलणे फार महत्त्वाचे आहे. नातेवाइकांना अशा वेळी बाहेर थांबण्यास सांगितले जाते, त्यामागचे कारण हे आहे. त्यांनी त्याचा राग मानू नये.

याउलट मुले झाली म्हणजे प्रश्न नाही, असेही मानता येत नाही. अनेक समलिंगी पुरुषांना विवाहातून अपत्ये झालेली असतात. अशा घरात पत्नीला सत्य कळते तेव्हा पंधरा-वीस वर्षे उलटून गेलेली असतात.

कळल्यानंतर

कधी पती स्वतः सांगतो. अधिक वेळा मोबाइलवरील एखादा संदेश, एखादे छायाचित्र किंवा तिसऱ्याच कोणाचा शब्द यातून ते उघड होते. त्या क्षणी स्त्रीच्या मनात दोन भावना एकदम उठतात. एक सुटकेची : दोष माझा नव्हता. आणि दुसरी कोसळण्याची : मग इतकी वर्षे मी जगले ते काय होते? लग्नाचा अल्बम, पहिली दिवाळी, डोहाळजेवण, प्रत्येक आठवण पुन्हा तपासावी लागते. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर मागील सर्व वर्षांची खतावणी नव्याने करावी लागते, आणि तीही एकटीने, रात्री, कोणाला न सांगता.

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ अ‍ॅमिटी पीअर्स बक्स्टन यांनी या विषयावर मूलगामी काम केले. दीर्घ संसारानंतर आपला पती समलिंगी असल्याचे त्यांना १९८० च्या दशकात कळले. पुढे त्यांनी अशा अनेक जोडीदारांशी बोलून १९९१ साली यावर ग्रंथ लिहिला आणि अशा जोडीदारांनी एकमेकांना आधार द्यावा म्हणून संघटना उभी केली. त्यांच्या मांडणीनुसार हा आघात एकाच ठिकाणी होत नाही. स्त्री म्हणून असलेला आत्मविश्वास, विवाह, मुलांची काळजी, स्वतःची ओळख, खऱ्याखोट्याची पारख आणि जगण्यावरचा विश्वास अशा अनेक बाजूंनी तो होतो. म्हणूनच 'विसरून जा आणि नव्याने सुरुवात कर' हा सल्ला कितीही चांगल्या हेतूने दिलेला असला तरी उपयोगी पडत नाही. चीनमध्ये समलिंगी पुरुषांच्या पत्नींना 'तोंगची' असा स्वतंत्र शब्दच रूढ झाला आहे. यावरून हा प्रश्न एका देशाचा किंवा एका संस्कृतीचा नाही, हे ध्यानात यावे.

मराठीत मात्र तिच्यासाठी शब्द नाही. पती वारला तर ती विधवा. पतीने टाकले तर ती परित्यक्ता. या दोन्ही शब्दांना आपल्याकडे फार वेदनेचा इतिहास आहे, परंतु निदान शब्द तरी आहे. परित्यक्तांच्या प्रश्नाला वाचा फोडण्यात आपल्या जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. १९८८ साली संगमनेर येथे समता आंदोलनाने टाकलेल्या स्त्रियांची परिषद भरविली आणि तोपर्यंत घरातल्या कोपऱ्यात दडलेले दुःख सार्वजनिक व्यासपीठावर आणले. अ‍ॅड. निशा शिवूरकर यांनी 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' या पुस्तकात त्या चळवळीची हकिकत नोंदविली आहे. त्या परिषदेने स्त्रियांना काय दिले, याचा विचार केला तर पहिले उत्तर येते ते असे : 'मी एकटी नाही आणि दोष माझा नाही' ही जाणीव.

आपल्या विषयातील स्त्रीला ती संधीही नसते. पती घरात आहे, कुंकू आहे, संसार चालू आहे. मग ती शोक कशाचा करणार? अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा शोकाला एक संज्ञा दिली. तिचा भावार्थ 'समाजाने मान्यता न दिलेले दुःख' असा सांगता येईल. ज्या दुःखासाठी कोणी भेटावयास येत नाही, दहावा-तेरावा होत नाही, दोन शब्द सांत्वनाचे बोलले जात नाहीत, ते दुःख अधिक काळ टिकते आणि अंगावर उमटते. केस पेपरवरची डोकेदुखी आणि निद्रानाश ही पुष्कळदा त्याचीच रूपे असतात.

दुर्लक्षाची किंमत

एप्रिल २०१५ मध्ये दिल्लीतील एका अग्रगण्य वैद्यकीय संस्थेत काम करणाऱ्या तरुण महिला डॉक्टरने आपले जीवन संपविले. पती समलिंगी असल्याचे आणि आपला छळ होत असल्याचे तिने मागे लिहून ठेवले होते. ती सुशिक्षित होती, कमावती होती, रुग्णालयातच वावरत होती. तरीही वेळेवर तिच्यापर्यंत मदत पोहोचली नाही. शिक्षण आणि पैसा असला म्हणजे मनाला आधार लागत नाही, असे समजणे किती धोक्याचे आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

सलग दोन आठवडे झोप, भूक आणि कामातील गोडी हरपली असेल, सतत निरर्थक वाटत असेल किंवा 'मी नसलेली बरी' असे उद्गार निघत असतील, तर तो स्वभावदोष नसून नैराश्य असू शकते. ते उपचारांनी बरे होते. औषधांचा गुण येण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून ती मध्येच सोडू नयेत. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. त्यावर मराठीतूनही बोलता येते.

सावरण्याची वाट

या दुःखातून स्त्रिया सावरतात आणि पुढे समाधानाने जगतातही. मात्र त्याला वेळ लागतो आणि काही गोष्टी क्रमाने कराव्या लागतात.

१. सुरक्षितता : घरात मारहाण, धमकी, कोंडून ठेवणे, 'बाहेर बोललीस तर बघ' असा दबाव असेल, तर प्रथम सुरक्षित जागी जाणे महत्त्वाचे. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

२. शरीराची तपासणी : जोडीदाराचे विवाहाबाहेर संबंध होते किंवा असू शकतात, असे कळल्यास एचआयव्ही, गरमी आणि काविळीचा 'बी' प्रकार यांची तपासणी करून घ्यावी. हा नियम कोणत्याही पतिपत्नींना लागू आहे. समलिंगी पुरुष म्हणजे आजारी पुरुष असा त्याचा अर्थ मुळीच नाही. एचआयव्हीचा संसर्ग अगदी अलीकडचा असल्यास तपासणीत दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी. शासकीय रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही तपासणी मोफत आणि गुप्तपणे होते. अहवाल निर्दोष आल्यावर मनावरचे मोठे ओझे उतरते.

३. एक विश्वासाचे माणूस : सर्वांना सांगण्याची गरज नाही, परंतु कोणालाच न सांगणे घातक आहे. पतीचे गुपित सांभाळता सांभाळता पत्नीही त्याच कोंडीत सापडते. बहीण, मैत्रीण, मावशी, डॉक्टर किंवा समुपदेशक, यांपैकी एकाजवळ तरी मन मोकळे व्हावे. ऐकणाऱ्याने चार गोष्टी शिकविण्यापेक्षा शांतपणे ऐकून घेणे अधिक मोलाचे असते.

४. दोषाची फेड : 'मी अधिक सुंदर असते, अधिक समजूतदार असते, तर तो बदलला असता' हा विचार मनातून पुनःपुन्हा काढावा लागतो. कोणाचाही लैंगिक कल दुसऱ्याच्या रूपाने वा वागण्याने बदलत नाही. ही एक गोष्ट मनाला पटली की सावरण्याची खरी सुरुवात होते. समुपदेशनाच्या पहिल्या काही बैठका बहुतांशी याच कामासाठी लागतात.

५. शोकाला परवानगी : राग येणे, रडू येणे, पतीची कीवही येणे, कधी त्याच्याविषयी माया वाटणे, हे सारे एकाच दिवसात होऊ शकते. यातले काहीच चुकीचे नाही. ज्याच्याबरोबर इतकी वर्षे काढली त्याच्याविषयी माया उरणे हा दुबळेपणा नव्हे.

६. मुलांशी बोलणे : घरात काही बिनसले आहे, हे मुलांना न सांगताही कळते. त्यांच्या वयाला झेपेल एवढेच सांगावे. 'हे तुझ्यामुळे घडलेले नाही आणि आम्ही दोघेही तुझेच आहोत' एवढे आश्वासन लहान मुलाला पुरते. पित्याची निंदा मुलांच्या कानी घालू नये. समलिंगी पुरुष वाईट पिता असतो, असे मानण्यास काहीही आधार नाही.

७. स्वतःच्या पायावर उभे राहणे : स्वतःच्या नावाचे बँक खाते, आपली कागदपत्रे आपल्या हाती, शिवण, नर्सिंग, अंगणवाडी, बचत गट, शेतीपूरक व्यवसाय किंवा अपुरे राहिलेले शिक्षण, यांपैकी जे शक्य असेल ते सुरू करावे. मनाची उभारी आणि हातातील कमाई यांचा संबंध फार जवळचा आहे.

राहावे की वेगळे व्हावे, हा निर्णय तिचा आहे. काही जोडपी पूर्ण विचारांती एकत्र राहतात. बरीच वेगळी होतात. आघात ताजा असताना आयुष्यभराचा निर्णय करू नये, हे खरे. परंतु कायद्यात काही मुदती आहेत, त्यांची माहिती तिला वेळेत मिळाली पाहिजे.

कायदा काय सांगतो?

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ हा हिंदू, बौद्ध, जैन व शीख धर्मीयांना लागू आहे. जोडीदाराविषयीची महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून, म्हणजेच फसवणुकीने विवाहाची संमती मिळविली असल्यास, कलम १२ अन्वये विवाह रद्द करण्याची मागणी करता येते. मात्र फसवणूक उघड झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि उघड झाल्यानंतर स्वखुशीने एकत्र राहिलेले असता कामा नये. अशा विवाहातील मुले कायद्याने औरसच मानली जातात. कलम १३ अन्वये क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मागता येतो. कलम १३-ब अन्वये परस्परसंमतीने घटस्फोट होतो. त्यासाठी एक वर्ष वेगळे राहणे आवश्यक असते. त्यानंतरची सहा महिन्यांची प्रतीक्षा योग्य प्रकरणी न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटले आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि विशेष विवाह कायद्याखाली विवाह झालेल्या स्त्रियांसाठी वेगळे कायदे आहेत.

पोटगी, निवासाचा हक्क आणि संरक्षण यांसाठी कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, २००५ उपलब्ध आहे. स्त्रीधनावर तिचाच अधिकार असतो. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर चौकशी करावी.

एक गोष्ट लक्षात ठेवणे इष्ट. पती समलिंगी असणे हा आता गुन्हा नाही आणि त्या कारणासाठी त्याला शिक्षा व्हावी, असे मागण्यात पत्नीचेही हित नाही. हुंडा, छळ, मारहाण, धमकी हे मात्र गुन्हेच आहेत, मग पती कोणीही असो. २०२३ साली प्रदर्शित झालेल्या 'काथल' या मल्याळम चित्रपटात हा भेद फार संयमाने दाखविला आहे. गावच्या पंचायत निवडणुकीस उभ्या राहिलेल्या प्रौढ पतीविरुद्ध त्याची पत्नी घटस्फोटाचा अर्ज करते. वीस वर्षांच्या संसारानंतर ती स्वतःची सुटका मागते आणि त्याचीही सुटका व्हावी, अशीच तिची इच्छा असते. मामूट्टी आणि ज्योतिका यांच्यासारख्या नामवंत कलाकारांनी या भूमिका केल्यामुळे हा विषय घराघरांत पोहोचला.

नातेवाइकांना विनंती

मुलीचे आईवडील असाल तर ती सांगते त्यावर प्रथम विश्वास ठेवा. 'अजून थोडे दिवस बघ', 'एखादे मूल होऊ दे, मग तो बदलेल' असे सांगून तिला परत पाठवू नका. मूल हा उपचार नाही. ते एक स्वतंत्र आयुष्य आहे. 'लोक काय म्हणतील' या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची जबाबदारी तिच्यावर टाकू नका. आणि तिने विश्वासाने सांगितलेली गोष्ट भावकीत चर्चेला आणू नका.

मुलाचे आईवडील असाल तर, मुलगा लग्नाला वारंवार नकार देत असेल तेव्हा रागावण्यापूर्वी त्याला कारण विचारा, आणि जे उत्तर मिळेल ते ऐकण्याची तयारी ठेवा. ठाऊक असूनही लग्न लावून देणे म्हणजे आपल्या घरातील अडचण दुसऱ्याच्या लेकीच्या पदरात बांधणे होय. अशा मुलांसाठी आणि पालकांसाठी मराठीतून मार्गदर्शन उपलब्ध आहे. मुंबईत १९९४ पासून 'हमसफर ट्रस्ट' आणि पुण्यात २००२ साली श्री. बिंदुमाधव खिरे यांनी स्थापन केलेला 'समपथिक ट्रस्ट' या संस्थांनी या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले असून, श्री. खिरे यांची या विषयावरील मराठी पुस्तकेही पालकांना उपयुक्त आहेत. एका मुलाने खरे बोलण्याचे धैर्य केले आणि एका घराने ते ऐकून घेतले, तर एका मुलीचे आयुष्य वाचते.

रुग्णालयाचे कार्य आणि आपला वाटा

या कामासाठी महागडी यंत्रसामग्री लागत नाही. लागते ती एक खोली, जिचे दार आतून बंद करता येते आणि जिच्यातील बोलणे रांगेत बसलेल्यांना ऐकू जात नाही. लागतो एक प्रशिक्षित समुपदेशक, ज्याला एका रुग्णासाठी पाऊण तास देता येतो. लागते नोंदींची अशी पद्धत, जिच्यात नाव आणि कारण शेजारीशेजारी कोणाच्याही नजरेस पडत नाही. मानसिक आरोग्य अधिनियम, २०१७ ने मानसिक उपचार आणि गुप्तता हे दोन्ही रुग्णाचे हक्क म्हणून मान्य केले आहेत. राहुरीसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे खिडकीवरील कारकुनापासून औषधविक्रेत्यापर्यंत सर्वजण एकमेकांना ओळखतात, तेथे गुप्तता हाच उपचाराचा अर्धा भाग आहे. स्त्री पुण्याला किंवा नाशिकला एकटी जाऊ शकत नाही. तिला रक्तदाब तपासावयाच्या निमित्तानेच बाहेर पडता येते. म्हणून ही सोय येथेच असावयास हवी.

देणगीदारांना शस्त्रक्रियागृहातील दिवा किंवा रुग्णवाहिका दाखविता येते, त्यावर नाव कोरता येते. समुपदेशनासाठी दिलेल्या देणगीचे असे काही दाखविता येत नाही. ज्या स्त्रीला तिचा लाभ होईल, ती कधी व्यासपीठावर येऊन आभार मानणार नाही आणि आम्हीही तिचे नाव कधी सांगू शकणार नाही. तरीही हा खर्च अनाठायी आहे असे कोणीही जाणता मनुष्य म्हणणार नाही. वर्षानुवर्षे चुकीच्या तपासण्यांवर, निष्फळ औषधांवर आणि नवसांवर होणारा खर्च एका पाऊण तासाच्या संभाषणाने वाचू शकतो. वाचलेल्या आयुष्याची तर किंमतच करता येत नाही.

मान्यवर विश्वस्तांनी आगामी अंदाजपत्रकात या कार्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि हितचिंतकांनी त्यास हातभार लावावा, ही नम्र विनंती. आपल्या ओळखीत, नात्यात, शेजारी अशी एखादी भगिनी असेल, तर तिला एवढाच निरोप द्यावा की, डोकेदुखीच्या निमित्ताने आलात तरी चालेल. दुसरे काही सांगावेसे वाटले तर ऐकणारे माणूस येथे आहे.